वीस मिनिटं शांतता मिळेल का?

जालन्यात पाठीवर गिटार अडकवून स्कूटीवरून जाणारी मुलगी दिसली तर आता कोणी वळून बघत नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी नक्की बघितलं असतं. आता गिटार ऑनलाइन मागवता येते, क्लास आहेत, आणि क्लास परवडत नसला तर मोबाईलवर फुकट धडे आहेत. मुली शिकतायत, चांगलं वाजवतायत. पण वाजवलेलं टिपून ठेवायचं म्हटलं की घरोघरी एकच उत्तर येतं, ‘त्याला स्टुडिओ लागतो बाई. संभाजीनगरला नाहीतर पुण्याला जावं लागतं. कोण नेणार?’ तिथं विषय संपतो.

मैत्रिणींनो, मला आज याच उत्तराबद्दल बोलायचंय, कारण ते खरं नाही. चांगलं, स्वच्छ, चार लोकांना ऐकवावं असं रेकॉर्डिंग घरातल्या खोलीत होतं. त्याला लागणारं सामान एका सणाच्या खरेदीइतक्या पैशात येतं. अडतं ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. तिच्याकडे येतेच, आधी सामानाचं बघू, कारण खर्चाचा बाऊ करूनच बहुतेक वेळा मुलींना गप्प बसवलं जातं.

हातात मोबाईल असेल तर सुरुवात आजच होते. त्याला सातशे-हजार रुपयांचा तारेचा कॉलर माईक जोडला तरी फरक कळतो. लॅपटॉप असेल तर साधारण अडीच ते पाच हजारांत त्याला थेट जोडायचा यूएसबी माईक मिळतो. पुढं हौस वाढली तर पाच ते दहा हजारांची एक छोटी पेटी येते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, तिच्यात मोठा माईक जोडता येतो. आवाज कापायला, जोडायला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते २००० सालापासून आहे आणि आजही फुकट आहे. म्हणजे झालं काय, तर हजारापासून पंधरा हजारापर्यंत. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत डीजे एका रात्रीत किती घेऊन जातो, ते मी सांगायला नको.

दुकानदार आणि इंटरनेटवरचे सल्लागार बहुतेक वेळा कंडेन्सर माईक गळ्यात मारतात. तो दिसतो झोकदार, पण कान फार तिखट. गिटारीबरोबर शेजारच्या कुकरची शिट्टी, गल्लीतला भाजीवाला, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची, सगळं ऐकतो. आपली घरं काही शेतात एकटी उभी नाहीत, भिंतीला भिंत लागून आहेत. अशा घरात साधा डायनॅमिक माईक जवळ धरून वाजवलेलं बरं पडतं. तो लांबचं फारसं ऐकत नाही. गिटार हळू वाजवली तर आवाज थोडा वाढवून घ्यावा लागतो, एवढंच.

आता माईक ठेवायचा कुठं? गिटारीच्या पोटाला जे गोल भोक असतं त्याच्यासमोर, असं कोणालाही वाटेल. पण तिथं ठेवला की आवाज घुमतो, रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा. गिटारीची मान जिथं पोटाला मिळते, साधारण बाराव्या-चौदाव्या पट्टीजवळ, तिकडे तोंड करून वीतभर, फार तर दीड वीत अंतरावर माईक ठेवायचा. मग दोन मिनिटं वाजवून ऐकायचं. फार टोचरा वाटला तर थोडा पोटाकडे वळवायचा, फार जाड वाटला तर मानेकडे. बोटभर इकडचं तिकडं केलं तरी आवाज बदलतो. हे कोणी पुस्तकातून शिकवू शकत नाही. भाजीत मीठ किती हे जसं हाताला कळतं, तसं ते कानाला कळतं.

आवाजाची पट्टी लाल होऊ द्यायची नाही. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर नेमक्या चांगल्या जागी मामांचा फोन येतो. आणि केलेलं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून रेकॉर्ड करून पाठवायचं नाही. ती सोय बोलण्यासाठी आहे, आवाज दाबून पाठवते, तारांचा खणखणाट त्यात मरतो. फाईल डॉक्युमेंट म्हणून जोडली की जशीच्या तशी जाते.

सगळ्यात गमतीची गोष्ट खोलीची. स्टुडिओत भिंतींना महागडा फोम लावतात, कारण मोकळ्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात. आपल्या घरात फरशी गुळगुळीत, भिंती ऑइलपेंटच्या, वर स्लॅब नाहीतर पत्रा. आवाज घुमणारच. पण आपल्याकडे फोमपेक्षा काय कमी आहे? गोधड्या! आजीच्या जुन्या लुगड्यांची, जाडजूड, हातशिलाईची गोधडी दोरीवर पाठीमागं टांगा, एक खाली अंथरा, कापूस भरलेली गादी बाजूला उभी करा. आवाज एकदम जवळचा, मऊ येतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसलं तरी चालतं. भिंतीला अगदी खेटून किंवा कोपऱ्यात मात्र बसू नये. ज्या गोधड्यांना आपण पाहुणे आले की माळ्यावर लपवतो, त्या अशा कामाला येतात याचं मला फार कौतुक वाटतं.

विजेचंही बघावं लागतं. जुन्या घरांत अर्थिंग धड नसतं. लॅपटॉप चार्जिंगला लावून रेकॉर्ड केलं की मागं सतत एक गुणगुण येते. म्हणून चार्जर काढून बॅटरीवर काम करायचं. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा कसा घुमतो ते आपल्याला माहीत आहे, तीच घुमघुम रेकॉर्डिंगमध्येही शिरते. आणि आपल्या उन्हाळ्यात गिटारीलाही ऊन लागतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, सांधे सुटू शकतात. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घालून गिटारीच्या पिशवीत ठेवावा. प्लायवूडच्या स्वस्त गिटारींना याचा त्रास कमी होतो. गरिबाचं लेकरू काटक असतं, तसंच हे.

झालं. सामान आलं, गोधडी टांगली, माईक बोटभर सरकवून जागा सापडली. आता पंखा बंद करायचा, आणि घरानं वीस मिनिटं गप्प बसायचं.

आणि इथंच गाडी अडते.

आपल्या घरात शांतता नसते असं नाही. ती वाटलेली असते. भावाची बारावी असली की वर्षभर टीव्हीचा आवाज खाली. वडील दुपारी पडले की सगळे पायाच्या बोटांवर चालतात, फोडणीसुद्धा हळू पडते. काकांचा महत्त्वाचा फोन आला की लेकरांना अंगणात हाकलतात. क्रिकेटची शेवटची ओव्हर चालू असताना कोणी मिक्सर लावून दाखवावा! म्हणजे घराला गप्प बसता येतं. पण मुलीनं ‘जरा वीस मिनिटं पंखा बंद ठेवा, कोणी बोलू नका’ असं म्हटलं की तिचं हसू होतं. ‘लई मोठी कलाकार लागून गेली!’ ‘आम्ही काय उकाड्यात बसायचं का तुझ्या टिंगटिंगपायी?’ मग ती वाजवायला बसते, आणि मधेच दार उघडून कोणीतरी विचारतं, ‘काय करायलीस गं? दूध बघ जरा.’

सून असेल तर विचारूच नका. एका ओळखीच्या बाईंनी लग्नाआधी पाच वर्षं गिटार वाजवलेली. सासरी गिटार आणू दिली, त्याचं कौतुकही झालं, भिंतीवर खिळा ठोकून टांगली. ‘आमची सून गिटार वाजवते’ हे पाहुण्यांना सांगायला ती चांगली. पण दार लावून अर्धा तास बसायची सोय नाही. बाईनं दार लावलं म्हणजे ती आजारी तरी असते, नाहीतर रुसलेली. तिसरं कारण आपल्या घरांना सुचतच नाही.

हे सगळं हौसेपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण आता त्यात मुलींच्या पुढच्या वाटाही गुंतल्यात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा आपल्याकडे बरीच मुलं देतात. २०२० पासून या परीक्षा घरून व्हिडिओ पाठवून देता येतात, गिटारीच्याही. पूर्वी अशा परीक्षेसाठी केंद्र असलेल्या शहरात जाणं, राहणं, सोबत कोणी येणं, सगळंच आलं. आता जालन्यातली, अंबडची, भोकरदनची मुलगी आपल्या खोलीत बसून ती देऊ शकते. फक्त नियम असा, की सगळं एका दमात, मधे न थांबता, कापाकापी न करता रेकॉर्ड व्हायला हवं. तिसऱ्या तुकड्यात बेल वाजली की पुन्हा पहिल्यापासून. आता सांगा, वर्षभर रियाज केलेल्या मुलीला घरानं तेवढा वेळ द्यायला नको का? दहावीच्या पेपरला आपण तिला रिक्षातून सोडायला जातो, दही-साखर देतो. हाही पेपरच आहे, फक्त परीक्षेचा हॉल आपल्या घरात आलाय.

‘घरच्या खोलीत केलेलं ते कोण ऐकणार’, हाही एक ठरलेला टोमणा. आपल्या देशात ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात, आणि तेही हॉटेलच्या खोलीत. त्या पहिल्या आवाजांत गौहर जान होती, थिएटरात गाणाऱ्या मुली होत्या. माईक नव्हता, विजेचं यंत्र नव्हतं, भोंग्यात तोंड घालून गायचं. अलीकडचं बघा. तुमच्या मुली जिची गाणी कानात घालून फिरतात त्या बिली आयलिशचा २०१९ चा अल्बम तिच्या भावानं लॉस एंजेलिसच्या घरातल्या एका छोट्या झोपायच्या खोलीत तयार केला, आणि २०२० मध्ये त्याला ग्रॅमी मिळाली.

पण मला खरं सांगायचंय ते एलिझाबेथ कॉटनबद्दल. ही अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातली कृष्णवर्णीय बाई, जन्म १८९३ चा. लहानपणी लोकांच्या घरी काम करून साठवलेल्या पावणेचार डॉलरमध्ये तिनं गिटार घेतली. ती डावखुरी. गिटार उजव्या हाताची. तारा बदलायच्या हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून गिटार उलटी धरून ती आपली आपण शिकली. सगळे अंगठ्यानं जाड तारा आणि बोटांनी सूर वाजवतात, ही बोटांनी जाड तारा आणि अंगठ्यानं सूर. अजूनही गिटारवाले या पद्धतीला तिच्याच नावानं ओळखतात. घराजवळून मालगाडी जायची, तिच्यावर तिनं लहान वयातच गाणं केलं. मग लवकर लग्न, मूल, आणि चर्चमधल्या लोकांनी सांगितलं की असली ऐहिक गाणी सोडून दे. तिनं गिटार खाली ठेवली. किती वर्षं? काही दशकं.

पुढं ती वॉशिंग्टनमध्ये सीगर नावाच्या कुटुंबात घरकामाला लागली. एका दुकानात त्यांची हरवलेली मुलगी तिला सापडली, त्यातून ही ओळख. घर संगीताचं होतं, भिंतीवर गिटार टांगलेली असायची. एक दिवस तिनं ती काढून वाजवली आणि घरातले चकित झाले. इतकी वर्षं घरात पोळ्या लाटणारी बाई एकदम पेटीवर बसून भैरवी वाजवायला लागावी, तसं झालं असणार. त्या घरातला मुलगा माईक सीगर १९५०च्या दशकाच्या शेवटी टेप घेऊन तिच्या घरी गेला आणि तिच्या झोपायच्या खोलीत त्यानं रेकॉर्डिंग केलं. त्यातून १९५८ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. ग्रॅमी मिळाली तेव्हा नव्वदी. १९८७ मध्ये ती गेली.

यातली एक गोष्ट मात्र मला राहून राहून टोचते. रेकॉर्डिंग बाहेर यायच्या आधीच तिचं ते मालगाडीचं गाणं त्या सापडलेल्या मुलीबरोबर, म्हणजे पेगी सीगरबरोबर, इंग्लंडला पोचलं होतं. १९५७ मध्ये ते तिकडे गाजलं, आणि नाव लागलं दुसऱ्याच दोघांचं. भांडून तिला श्रेय मिळालं, तेही पूर्ण नाही, वाटून. गाणं टिपलेलं नसलं की असं होतं. म्हणून मी मुलींना सांगते, स्वतः चाल बांधली असेल तर ती आधी साध्या मोबाईलवर का होईना रेकॉर्ड करा, नाव आणि तारीख बोला, आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा. त्यानंतर दुनियेला ऐकवा.

आपल्याकडेही असं किती हरवलं असेल! पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांच्यासोबत बायकांचे आवाजही रेकॉर्ड केले. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यातलाच. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या ऐकायला मिळतात. एकदा ऐकाच. ऐकताना मला वाटत राहिलं, ही माणसं ज्या गावांत गेली नाहीत तिथल्या आवाजांचं काय? घनसावंगीत, मंठ्यात, परतूरमध्ये अजून एखादी ऐंशीची आजी असेल, जिला पन्नास ओव्या येतात. गिटारीसाठी आणलेला हजाराचा माईक तिच्यापुढंही ठेवता येतो. तिच्या तोंडापासून वीतभर, जरासा बाजूला, म्हणजे श्वासाचा फुसकारा येत नाही. आणि तिला ‘आजी, नीट म्हणा’ असं सांगायचं नाही. मधेच ती सून कशी वागते ते सांगायला लागली तर तेही राहू द्यायचं.

आता शेवटची हरकत, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. ‘मुलीचं गाणं इंटरनेटवर टाकलं की कोण काय बोलेल?’ ही भीती खरी आहे. खाली लोक काय काय लिहितात ते मीही वाचते. लग्नाचं बघताना व्हिडिओ दाखवले जातात हेही खरं. पण या भीतीवर मुलीलाच गप्प करणं मला मान्य नाही. रेकॉर्ड करणं आणि जगाला दाखवणं या दोन गोष्टी आपण उगाच एकत्र बांधल्यात. नुसता आवाज टाकता येतो, चेहऱ्याशिवाय. हात आणि तारा एवढंच दिसेल असा व्हिडिओ करता येतो. किंवा काहीच न टाकता आपल्यापाशी ठेवता येतं, मामीला, मैत्रिणीला पाठवता येतं. काय बाहेर जाईल हे ठरवायचा हक्क तिचा. घरानं सल्ला द्यावा, पण मोबाईल हिसकावून घेऊ नये. आणि ‘आमची पोर बघा कशी वाजवते’ म्हणून तिला न विचारता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. हेही तितकंच वाईट, आणि हे तर प्रेमापोटी होतं, म्हणून तिला बोलताही येत नाही.

आयांना माझं एक सांगणं आहे. नवऱ्याशी, सासूशी, पोराशी बोलायचं काम मुलीवर टाकू नका. तिनं सांगितलं की लाड ठरतात. ‘आज चार ते साडेचार कोणी आवाज करायचा नाही’ हे तुम्ही, घरातल्या बाईनं, भाजी निवडता निवडता सांगा, जसं तुम्ही भावाच्या बारावीला सांगितलं होतं. दारावर चिठ्ठी लावा. बेलचं बटण बंद करा. दूध तुम्ही बघा, किंवा घरातल्या पुरुषाला बघायला सांगा. दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहायला पदवी लागत नाही.

वेळ कोणती धरायची, हे आपल्या गावात राहणाऱ्याला सांगायला नको. नळाला पाणी यायचा दिवस बाद. त्या दिवशी मोटारी, बादल्या, हाका यांच्यापुढं गिटार काय, बँडही ऐकू यायचा नाही. पावसाळ्यात पत्र्याचं घर असेल तर पाऊस थांबायची वाट बघावी. दुपारी दोन ते चार गल्ली जरा निजते, पण उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसवत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे पहाटेचे साडेचार-पाच. हवा थंड असते, कुकर लागलेला नसतो, गाड्या सुरू व्हायच्या असतात, तारा सुरात राहतात. जात्यावर बसायची वेळही हीच होती. फक्त आदल्या रात्री झोपताना घरात सांगून ठेवावं, नाहीतर अंधारात तारा वाजल्या की आजी देवाचं नाव घेत उठायची.